कॅमेऱ्याला कायम लावून ठेवायची झूम लेन्स कशी निवडाल?

क्रॉप सेन्सरचा कॅमेरा घेऊन सहा महिने-वर्ष झालं की बहुतेकांना त्याच शंका सतावू लागतात. सोबत आलेली लेन्स बदलायची वेळ झाली का? बदलायचीच तर १८-५० घ्यावी, १७-७० घ्यावी, की सगळे नाव घेतात ती २४-७०? दुकानदार एक सांगतो, ओळखीचा फोटोग्राफर दुसरंच सुचवतो. तेवढ्यात गणपती-दसऱ्याच्या सवलती सुरू होतात आणि घाईघाईत पैसे मोजले जातात. पुढच्या सहलीला निघताना मात्र अर्ध्या किलोची नवी लेन्स कपाटातच राहते आणि फोटो मोबाइलवर काढले जातात.

घरचे सण, मुलंबाळं, सहली, गडकिल्ले, बाजारपेठा असे सगळे फोटो एकाच लेन्सवर काढायचे असतील, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. पक्षी टिपणाऱ्यांची आणि लग्नाची कामं घेणाऱ्यांची गरज वेगळी असते.

लेन्सवरचा आकडा आणि चौकटीत मावणारी रुंदी

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मि.मी.चा असतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मि.मी.चा, तर कॅननचा त्याहून किंचित लहान. सेन्सर लहान असल्यामुळे दृश्याचा मधलाच भाग टिपला जातो. म्हणून फुल फ्रेमशी तुलना करताना लेन्सवरच्या आकड्याला १.५ने आणि कॅननच्या बाबतीत १.६ने गुणतात.

इथे नेहमी होणारा एक गोंधळ आधीच मिटवू. क्रॉप सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्सच्या आकड्यालाही हाच गुणाकार लागू होतो. फोकल लेंथ हा लेन्सचा गुणधर्म आहे आणि लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यासाठी बनवलेली असली तरी तो आकडा तसाच छापतात. त्यामुळे दोन क्रॉप लेन्सची आपसात तुलना करताना गुणाकाराच्या भानगडीत पडायची गरजच नाही. १८ची तुलना थेट १६शी करा.

त्यापेक्षा उपयोगाचा हिशेब फुटांमध्ये होतो. गणपतीच्या मखरापासून दहा फुटांवर उभं राहून कॅमेरा आडवा धरला, तर २४ मि.मी.ला जेमतेम दहा फुटांची रुंदी मावते. १८ला तेरा फूट मावतात आणि १६ला साधारण साडेचौदा. कॅननवर हे आकडे थोडे कमी होतील. शहरातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे २४पासून सुरू होणारी लेन्स लावली की कडेची माणसं बाहेर राहतात. फुल फ्रेमवर २४-७० ही सर्वगुणसंपन्न लेन्स मानली जाते, पण क्रॉप सेन्सरवर ती ३६-१०५सारखी वागते आणि वर फुल फ्रेमचं वजन अंगावर पडतं. ‘पुढे कधीतरी फुल फ्रेम घेऊच’ म्हणून आज ती घेणं हा या खरेदीतला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. आज हातात असलेल्या कॅमेऱ्याला साजेशी लेन्स घ्या. पुढे फुल फ्रेम घेतलाच, तर ही लेन्स विकता येईल.

दुकानात जाण्याआधी जुने फोटो उघडा

कोणत्या फोकल लेंथवर तुम्ही खरोखर फोटो काढता, हे तुमच्या संगणकात आधीच नोंदलेलं आहे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ साठवलेले असतात. लाइटरूममध्ये लायब्ररीतल्या फिल्टरने किंवा डिजीकॅम या मोफत प्रोग्रॅममध्ये ते सहज पाहता येतात. मात्र सगळे फोटो मोजू नका. जे तुम्ही इतरांना पाठवलेत, छापून घेतलेत किंवा जपून ठेवलेत, तेवढेच घ्या. मग बघा:

- बरेचसे फोटो झूमच्या अगदी रुंद टोकाला, म्हणजे १६ किंवा १८ला असतील, तर नवी लेन्स त्याहून अरुंद टोकापासून सुरू होणारी नको.
- बरेचसे ५० किंवा ५५ला अडकलेले असतील आणि तरीही काटछाट करून माणूस जवळ आणावा लागला असेल, तर ७० किंवा १३५पर्यंत जाणारी लेन्स उपयोगी पडेल.
- आयएसओ वारंवार ३२००च्या वर गेला असेल, तर अडचण उजेडाची आहे. लांब झूमने ती सुटणार नाही.
- सगळे फोटो एकाच आकड्याच्या आसपास असतील, तर झूम बदलूच नका. किट लेन्स ठेवा आणि तेवढ्या फोकल लेंथची एक छोटी प्राइम घ्या. निकॉन डीएसएलआरची ३५ मि.मी. एफ/१.८ डीएक्स लेन्स २०० ग्रॅमची आहे, कॅननची २४ मि.मी. एफ/२.८ एसटीएम तर १२५ ग्रॅमचीच.

या तपासणीनंतर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की त्यांना नव्या लेन्सची नव्हे, फ्लॅशची किंवा खिडकीजवळ उभं राहण्याची गरज होती. तसं असेल तर खरेदी पुढे ढकला.

पल्ला, उजेड आणि वजन

झूमचा मोठा पल्ला, मोठं अ‍ॅपर्चर आणि हलकं वजन या तिन्ही गोष्टी एका लेन्समध्ये मिळत नाहीत. दोन निवडायच्या आणि तिसरीवर पाणी सोडायचं, हाच इथला व्यवहार आहे.

उजेडाचा हिशेब असा. किट लेन्स ५०ला पोहोचते तेव्हा तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा एफ/६.३ इतकं लहान झालेलं असतं. एफ/२.८च्या लेन्समधून एफ/५.६च्या चौपट उजेड आत येतो. संध्याकाळच्या आरतीत ट्यूबलाइटच्या उजेडात किट लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल, तर त्याच शटर स्पीडला एफ/२.८वर १६०० पुरतं. मुलांच्या चेहऱ्यावरचा दाणेदारपणा कमी होतो आणि निरांजनाच्या उजेडाचा रंग टिकतो. घरातल्या फोटोंसाठी यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही खरेदीने पडत नाही. दिवसा उजेडी गडावर मात्र या मोठ्या अ‍ॅपर्चरचा फारसा उपयोग नाही. तिथे तुम्ही एफ/८वरच असता.

वजनाचे आकडे जुन्या आणि नव्या पिढीत खूप बदलले आहेत. कॅननची २००६ची ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ आयएस ६४५ ग्रॅमची होती. सिग्माची २०२१मध्ये आलेली १८-५० एफ/२.८ डीसी डीएन ३०० ग्रॅमच्या आत बसते. फुजीफिल्मची १६-५५ एफ/२.८ २०१५मध्ये ६५५ ग्रॅमची होती, २०२४च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ४१० ग्रॅमवर आली. तेव्हा ‘एफ/२.८ म्हणजे जड’ हे जुनं समीकरण आता सरसकट खरं नाही.

तुमच्या माउंटला काय मिळतं?

- सोनी ई-माउंट. निवडीला सगळ्यात जास्त वाव इथेच आहे. सोबत मिळणारी १६-५० पॉवर झूम अवघी ११६ ग्रॅमची, जाकिटाच्या खिशात मावणारी. १६ला तिचे कोपरे मात्र मऊ येतात. सिग्मा १८-५०ने हा प्रश्न सुटतो. ती १८ला सेन्सरपासून १२.१ सें.मी. इतक्या जवळच्या वस्तूवर फोकस करते, म्हणून कासच्या पठारावरची इवलीशी फुलं किंवा ताटातला मोदक मोठा टिपता येतो. फक्त तेव्हा वस्तू लेन्सच्या तोंडापासून दोन-तीन सें.मी.वर येते आणि लेन्सची सावली तिच्यावर पडते, त्यामुळे हूड काढा आणि उजेड बाजूने घ्या. टॅमरॉन १७-७० एफ/२.८मध्ये पल्लाही आहे आणि स्टॅबिलायझेशनही, पण तिचं वजन ५२५ ग्रॅम. सोनी ए६४००ची बॉडी बॅटरीसकट ४०३ ग्रॅमची, म्हणजे लेन्सच कॅमेऱ्याहून जड. सोनीची स्वतःची १६-५५ एफ/२.८ जी ४९४ ग्रॅमची आहे. ती उत्तम लेन्स आहे, पण किंमत आणि वजन पाहता रोजच्या पिशवीसाठी तिची शिफारस करता येत नाही. उन्हातल्या भटकंतीला एकच लेन्स न्यायची असेल, तर ३२५ ग्रॅमची १८-१३५ अजूनही समजूतदार निवड आहे.

- फुजीफिल्म एक्स. २०१२ची १८-५५ एफ/२.८-४ आजही दमदार आहे: ३१० ग्रॅम, स्टॅबिलायझेशन आणि अ‍ॅपर्चरही बऱ्यापैकी मोठं. सेकंडहँड बाजारात ती भरपूर दिसते. २०२४ची १६-५० एफ/२.८-४.८ फक्त २४० ग्रॅमची. पाऊस-धुळीपासून संरक्षण आहे आणि झूम करताना ती बाहेर येत नाही. मात्र तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. म्हणून बॉडीत स्टॅबिलायझेशन नसलेला एक्स-टी३० वापरत असाल तर जुनी १८-५५ आणि ते असलेला एक्स-एस२० किंवा एक्स-टी५ असेल तर नवी १६-५०, असा सरळ कौल देता येतो. सिग्मा १८-५० आणि टॅमरॉन १७-७० याही या माउंटसाठी मिळतात.

- कॅनन आरएफ. इथे बराच काळ अडचण होती. आरएफ-एस १८-४५ एफ/४.५-६.३ ही किट लेन्स १३० ग्रॅमची आहे, पण संध्याकाळी लगेच हात टेकते. २०२४मध्ये सिग्माची १८-५० एफ/२.८ आरएफ माउंटला आली आणि आर५०, आर१० वापरणाऱ्यांना पहिल्यांदा हलकी आणि उजेडाची झूम मिळाली. प्रवासासाठी ३१० ग्रॅमची आरएफ-एस १८-१५० आहेच.

- निकॉन झेड. १६-५० एफ/३.५-६.३ व्हीआर ही १३५ ग्रॅमची किट लेन्स आपल्या वर्गात फार चांगली आहे. ती बदलण्याची घाई करू नका. उजेडच हवा असेल तर २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली १६-५० एफ/२.८ व्हीआर पाहा. ३३० ग्रॅममध्ये एफ/२.८ आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही, शिवाय सुरुवात १६पासून. झेड ५० किंवा झेड ३०साठी घरगुती वापराला हिच्याहून योग्य झूम सांगता येणार नाही.

- जुने डीएसएलआर. नव्या लेन्सवर मोठी रक्कम घालू नका. सेकंडहँड बाजारात टॅमरॉन १७-५० एफ/२.८ आणि सिग्मा १७-५० एफ/२.८ ओएस मिळतात. दुसरी ५६५ ग्रॅमची आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे.

स्टॅबिलायझेशन बॉडीत की लेन्समध्ये?

सोनीच्या ए६१००, ए६४०० आणि झेडव्ही-ई१० या बॉडींत स्टॅबिलायझेशन नाही. ए६६०० आणि ए६७००मध्ये आहे. कॅननच्या आर७मध्ये आहे, आर१०, आर५० आणि आर१००मध्ये नाही. निकॉनच्या झेड ५०, झेड ३० आणि झेड एफसीमध्येही नाही.

बॉडीत नसेल आणि लेन्समध्येही नसेल, तर हातातला कॅमेरा हलून फोटो बिघडू नये म्हणून शटर स्पीड वाढवावा लागतो. ५० मि.मी.ला किमान १/८० सेकंद धरा. आता महत्त्वाची गोष्ट: स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. आरतीत टाळ्या वाजवणारे हात, धावणारं पोर, लेझीम खेळणारी मुलगी यांची हालचाल ते थांबवू शकत नाही. त्यासाठी शटर स्पीडच हवा आणि शटर स्पीडसाठी उजेड. म्हणून माणसांचे फोटो काढणाऱ्याने स्टॅबिलायझेशनपेक्षा एफ/२.८ला आधी पसंती द्यावी. चालता-चालता व्हिडिओ काढणाऱ्याने मात्र उलट विचार करावा.

खरेदीत फसवणारे चकवे

माउंट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅननच्या ईएफ-एम लेन्स आरएफ कॅमेऱ्याला अडॅप्टरनेही चालत नाहीत. ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून चालतात, पण अडॅप्टरने लांबी आणि वजन वाढतं, आणि छोट्या कॅमेऱ्याचा फायदा तिथेच संपतो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. उलट ‘एएफ-पी’ अक्षरांच्या नव्या लेन्स डी९०, डी७०००, डी३२००सारख्या जुन्या बॉडींवर नीट चालत नाहीत. शिवाय १८-५५ एएफ-पीचे दोन प्रकार आहेत, ‘व्हीआर’ असलेला आणि नसलेला. दिसायला सारखेच. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

आपल्याकडच्या हवेसाठी आणखी एक सूचना. लेन्सला पाऊस-धुळीपासून संरक्षण असलं तरी बॉडीला नसेल तर त्याचा भरवसा धरू नका. सिग्मा १८-५०ला फक्त माउंटपाशी रबरी कडी आहे, सह्याद्रीतल्या पावसात ती पुरेशी नाही. आणि पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, मुंबईत लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. लेन्स चामड्याच्या पाकिटात किंवा बंद कपाटात महिनोन्‌महिने ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखा.

जुनी लेन्स घेताना

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा तुमच्या शहरातल्या कॅमेरा दुकानात जुनी लेन्स पाहायला जाताना स्वतःची बॉडी, कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च सोबत न्या.

१. दोन्ही झाकणं काढा, टॉर्च मागून तिरका मारा आणि समोरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी. चार-दोन धुळीच्या कणांनी फोटोत फरक पडत नाही.
२. झूम रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच अडकते का? पुढची नळी डगडगते का?
३. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून समोरून, सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला फोटो काढा: रुंद टोकाला एक, लांब टोकाला एक. चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा जास्त धूसर असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे.
४. जवळ, लांब, पुन्हा जवळ असा ऑटोफोकस अनेकदा करून घ्या आणि आवाज ऐका.
५. लेन्सवरचा अनुक्रमांक बिलाशी आणि वॉरंटी कार्डाशी जुळवा.

शक्य असेल तर आधी तीच लेन्स शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या. खांद्याला दिवसभर अडकवल्यावर वजनाचा निर्णय आपोआप होतो.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

बिनबिलाची ‘इम्पोर्टेड’ लेन्स स्वस्तात देऊ केली जाते, तेव्हा तिला भारतातली कंपनीची वॉरंटी बहुधा नसते. आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि ग्राहक संपर्क छापलेला असायला हवा. बिलावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. महाराष्ट्रातल्या दुकानाचा क्रमांक २७ने आणि गोव्यातल्या दुकानाचा ३०ने सुरू होतो. बिलावर लेन्सचं पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून हा हक्क जात नाही. मात्र तो सदोष मालापुरता आहे. लेन्स मनासारखी वाटली नाही, एवढ्यावरून ती परत घ्यायला दुकान बांधील नाही. तशी सवलत असेल तर ती आधीच लेखी मागा.

ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचं नाव आणि परताव्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी वाचा, खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि वर्तमानपत्राची चाचणी त्याच दिवशी करा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे आणि महिन्याभरात तिचं निवारण झालं पाहिजे.

तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरीही. उपजीविकेसाठी स्वतः फोटोग्राफी करणारी व्यक्तीही ‘ग्राहक’ ठरते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. खासगी व्यक्तीकडून जुनी लेन्स घेतलीत, तर मात्र हे संरक्षण गृहीत धरू नका; अनुक्रमांक आणि रक्कम लिहिलेली सही-पावती घ्या आणि ती लेन्स विकेपर्यंत सांभाळा.